उलटू? थांब.

२० फेब्रुवारी

प्रिय गोगलगाय,

आपल्या बोर्डिंग शाळेतल्या वाचनालयाबाहेरचा तो लाकडी बाक तुला आठवतो का? एक पाय आखूड असलेला, कपडे वाळत घालायच्या अंगणाकडे तोंड करून ठेवलेला. शनिवारी दुपारी मदर दोन मुलींमागे एकच पुस्तक द्यायच्या. पुस्तकाची पाठ तुझ्या न् माझ्या गुडघ्यांमधल्या फटीत बसायची. तू डावीकडे, मी उजवीकडे, कारण पान उलटायचं काम माझं. समोर दोरीवर चादरी फुगायच्या आणि वाचता वाचता वाटायचं, बाक हळूहळू कुठेतरी निघालाय. माझी दोन्ही पानं वाचून व्हायची, तेव्हा तू डाव्या पानाच्या मध्यावर असायचीस. मी कोपरा चिमटीत धरून विचारायची, "उलटू?" तू मान वर न करता म्हणायचीस, "थांब."

हे आज आठवायला कारण आहे. मला ई-रीडर घ्यायचाय. लेकीकडे राहायला जायचं ठरलंय. तिथे माझ्या खोलीत एक पलंग, एक खिडकी आणि पुस्तकांसाठी खिडकीखालची अर्धी फळी. बाकीची कपाटं कुठे ठेवणार? लेक म्हणते, फोनवर वाच. फोनवर वाचायला बसलं की दर दोन ओळींनी कोणीतरी खांद्यावर टकटक करतं. जावई एक नाव सुचवतात, त्यांच्या ऑफिसातले दुसरं. तू जन्मभर छापखान्यात प्रूफं वाचलीस. तुझ्याइतका चोखंदळ डोळा आपल्या सगळ्या नात्यागोत्यात कुणाचा नाही, तेव्हा तूच निवड.

माझ्या अटी थोड्याच. हलकं हवं. झोपूनही धरता यावं. अक्षर मोठं करता यावं. आणि एका हातात धरून वाचता आलं पाहिजे. एका हाताचं म्हणते, कारण दुसऱ्या हातात चहाचा कप असतो.

फोन करून सांगितलं असतं, पण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने रचतेस. पत्र टाइप केलंय म्हणून रागावू नकोस. लेकीने तिचा जुना लॅपटॉप दिलाय, त्याची हौस भागवतेय.

तुझी
घाई

&nbsp;

२८ फेब्रुवारी

प्रिय घाई,

तुझं पत्र दोन दिवस विजेच्या बिलाखाली पडून होतं. टाइप केलेलं, नाव-पत्ता बघ कसा सरळ रांगेत. मला वाटलं कुठल्यातरी कंपनीने मला काहीतरी विकायला काढलंय. तुझं ते पुढे झुकलेलं, गाडी सुटल्यासारखं पळणारं अक्षर कुठे गेलं? तू नर्स असताना वॉर्डातल्या तुझ्या चार्टांवरचं अक्षर डॉक्टरांनाही लागत नव्हतं म्हणतात. मला मात्र लागायचं. पुढचं पत्र हाताने लिही. मी तुझ्यापेक्षा सहा महिन्यांनी मोठी आहे, तू आयुष्यात एकदाही ताई म्हणाली नाहीस, निदान एवढं ऐक.

काल दुकानात गेले. दुकानदार जाडजूड गृहस्थ, चष्मा कपाळावर चढवलेला आणि तोच टेबलावर शोधत होते.

"बोला आजी, कुणासाठी बघायचंय?"

"आजी म्हणण्याआधी नातवंडं आहेत का विचारायचं."

"आहेत का?"

"नाहीत. लग्नच केलं नाही."

"मग मावशी, कुणासाठी बघायचंय?"

"मावसबहिणीसाठी."

"म्हणजे मी मावशी बरोबरच म्हटलं," असं म्हणून त्यांनी मला स्टूल दिलं.

पहिलं यंत्र आरशासारखं चकचकीत. त्यात पुस्तकाआधी माझंच तोंड दिसलं, ते मी बाजूला ठेवलं. त्यात सिनेमेही दिसतात म्हणाले. म्हटलं, मग ती वाचेल कधी? दुसऱ्याचा पडदा कागदासारखा, मऊ, जरासा राखाडी. मी ते घेऊन थेट दुकानाच्या दारात उन्हात जाऊन उभी राहिले. दुकानदार मागून धावत आले, त्यांना वाटलं मी घेऊन चाललेय. उन्हातसुद्धा अक्षर जसंच्या तसं. आत आल्यावर त्यांनी त्यातला दिवा लावून दाखवला. तो डोळ्यांवर येत नाही गं, पानावर सांडतो. हवा तर पांढरा, हवा तर संध्याकाळच्या उन्हासारखा पिवळसर. मराठी पुस्तक उघडून जोडाक्षरं तपासली. एका यंत्रात ती दातांमध्ये फट पडल्यासारखी सुटी सुटी होत होती. ते मी परत दिलं. दुकानदार म्हणाले, "हे आजवर कुणी बघितलं नव्हतं." मी म्हटलं, "मला बघायचा पगार मिळायचा."

आता दोनच उरलीत. एक अगदी छोटं, पोस्टकार्डाहून थोडं मोठं, त्यावर पान बोटाने सरकवायचं. दुसरं किंचित मोठं. त्याची एक कड पकडायला जाडसर केलेली, आणि त्या कडेवर दोन बटणं. दाबलं की पान उलटतं. कुठलं घेऊ ते सांग.

तुझी
गोगलगाय

&nbsp;

१० मार्च

प्रिय गोगा,

बटणवालं घे. बोटाने सरकवायचं म्हणजे एका हाताने धरा, दुसऱ्याने सरकवा. मग चहाचा कप कुठे ठेवू?

तुझं पत्र मी खिडकीशी बसून वाचलं. समोरच्या इमारतीच्या काचेवरून दुपारी उजेडाचा एक तुकडा माझ्या भिंतीवर येतो आणि कोणी तावदान हलवलं की भिंतीभर फिरतो. तो बघता बघता मला आपली ती दीपगृहाची कादंबरी आठवली. निळ्या कापडी बांधणीची जाड इंग्रजी कादंबरी, दमट वास यायचा तिला. बेटावरचा दिवेवाला सामान आणायला होडी घेऊन जातो आणि परत येत नाही. बायको रोज एकटीच दिवा लावते. एका धुक्याच्या सकाळी तिला वल्ह्याचा आवाज येतो आणि ती कंदील घेऊन जिना उतरायला लागते. तिथेच आपण थांबलो होतो. त्याच शनिवारी बाबा गाडी घेऊन मला न्यायला आले, आईचं दुखणं वाढलं होतं. मी फ्रॉक घड्या न करताच ट्रंकेत कोंबले. फाटकातून मागे वळून बघितलं तर तू बाकावर बसलेली, पुस्तक उघडंच, माझ्या बाजूचं पान वाऱ्याने हलत होतं आणि तू त्यावर हात ठेवला होतास.

मी त्या शाळेत परत आले नाही. ती बाई अजून त्या जिन्यावरच उभी आहे.

तू पुढे वाचलंस का? खरं सांग. आणि ते पुस्तक यंत्रात मिळतं का, दुकानदाराला विचार.

हाताने लिहायचं मनावर घेते.

तुझी
घाई

&nbsp;

१९ मार्च

प्रिय घाई,

पुढे कशी वाचणार? पान उलटायचं काम तुझं होतं. मी मदरना पुस्तक परत केलं. "संपलं का?" म्हणाल्या. मी मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, ते त्यांनी विचारलं नाही. नंतर छापखान्यात हजारो पुस्तकं डोळ्यांखालून गेली, पण धुकं आणि वल्हं एका वाक्यात आलं की माझी पेन्सिल थांबायची.

यंत्र आजच कुरिअरने पाठवलंय. एक नाही, दोन घेतली. एक तुला, एक मला. वाचत वाचत घरी यावं म्हणून बसमध्येच माझं उघडलं, माझा स्टॉप मागे गेला, तिथून दोन पिशव्या सांभाळत चालत आले. तुला निवडून दिलेल्या यंत्राची बटणं उजव्या कडेला आहेत, बरोबर तुझ्या अंगठ्याखाली येतील. मी दुकानात बसून डोळे मिटून करून पाहिलं. उजवीकडे तू, कोपरा चिमटीत. अगदी तसंच वाटलं. दुकानदार म्हणाले, "मावशी, झोप लागली का?"

कादंबरी मिळाली. इतकी जुनी झालीय की आता ती कुणीही वाचावी अशी मोकळी सोडलीय म्हणे. दोन्ही यंत्रांत घालून दिली. सुरू करताना यंत्र नाव, पत्ता आणि काय काय विचारतं. तुझी उत्तरं मला येत नव्हती, म्हणून दोन्हीकडे माझंच लिहिलं. तुझं यंत्र उघडलंस की त्यात माझं नाव दिसेल. शाळेत माझं नाव शिवलेला स्वेटर तू सगळा हिवाळा घालून फिरायचीस, तसंच समज.

पहिल्या पानापासून सुरुवात करायची. त्या बाईला जिन्यापर्यंत पुन्हा आणू, मग पुढचं पुढे. कुठल्या शनिवारी सुरू करायचं ते कळव.

तुझी
गोगा

&nbsp;

२ एप्रिल

प्रिय गोगा,

यंत्र त्याच आठवड्यात आलं. देखणं आहे. इतके दिवस मी ते उशाशी ठेवून नुसतं बघत राहिले. उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं.

बटणं उजवीकडे आहेत. माझा उजवा हात आता काही करत नाही.

चहाच्या कपाची गोष्ट मी तुला सांगितली, ती अर्धी खरी होती. कप होता. जानेवारीत एका सकाळी तो माझ्या हातातून पडला, आणि पडला हे मला आवाजावरून कळलं. हाताने काही सांगितलंच नाही. मी खाली बसले. वॉर्डात हे इतक्यांदा पाहिलं होतं की घाबरायच्या आधी ओळखच पटली. अरे, तू होय, असं. शेजारच्या बाई आल्या, लेक आली, सगळं वेळेवर झालं. बोलणं आठवड्याभरात परत आलं. पाय काठी घेऊन चालतो. हात मात्र मांडीवर ठेवला की दुसऱ्या कुणाचा तरी ठेवलाय असं वाटतं. झोपेत मी त्याच हाताने वाट्या उचलते, केस विंचरते, पानं उलटते. जाग आली की तो निजलेलाच.

लेक म्हणाली, मावशीला कळवूया. मी नको म्हटलं. तुझ्या डोळ्यांसमोर मी नेहमी पळत असते. म्हटलं, निदान तिथे तरी पळू दे.

म्हणून टाइप करते, डाव्या हाताच्या एका बोटाने. तू विनोद केलास, तो मी दोनदा वाचून हसले. मनाला लावून घेऊ नकोस.

आता काम. हे यंत्र बदलून मिळेल का? डावखुऱ्यांसाठी निराळं असतं का, तेवढं विचार. नाही मिळालं तरी चालेल. लेक म्हणते ती पानं उलटून देईल. पण नोकरी करणाऱ्या पोरीला "उलट, उलट" म्हणत किती वेळ बसवायचं. आणि वाचताना दुसरं माणूस शेजारी बसून वाट बघत असलं की मला वाचताच येत नाही. तुझी गोष्ट वेगळी. वाट मी बघायची.

खाली सही डाव्या हाताने केलीय. वाकडी आहे, तपासू नकोस.

घाई

&nbsp;

६ एप्रिल

घाई,

उलटं धर.

यंत्र हातात घे आणि डोक्यावर उभं कर. खालची बाजू वर. अक्षरं क्षणभर गोंधळतात आणि मग आपोआप सुलट होतात. जाड कड डावीकडे येते, बटणंही. मी दुकानात विचारायला निघाले होते. चपला घालताना यंत्र काखेत धरलं होतं, काढून बघते तर मीच उलटं धरलेलं आणि अक्षरं माझ्याकडे तोंड करून सरळ उभी. मी दारातच बसले, एका पायात चप्पल घालून. पंधरा-वीस वेळा फिरवून पाहिलं. दर वेळी ती वळतात.

म्हणजे आता तू डावीकडे बसायचं. जागा चांगली आहे. मी बसलेय तिथे, मला माहीत आहे. तिथून चादरी जास्त दिसतात.

बाकीचं मला नीट लिहिता येत नाही. चहाचा कप तू दोन पत्रांत लिहिलास आणि मी दोन्ही वेळा त्यावरून पुढे गेले. बारीकसारीक चुका धरायचा धंदा माझा, आणि ही एवढी मोठी डोळ्यांतून निसटली. तू टाइप केलंस म्हणून चिडवलं. तुझी सही मी तपासली. वाकडी आहे, पण पुढेच झुकलेली आहे.

मी यायला निघाले असते. गुडघे नाही म्हणतात, डॉक्टरही नाही म्हणतात, आणि दोघांचं कधी नव्हे ते एकमत झालंय. म्हणून शनिवारी दुपारी सुरू करू. जेवण झाल्यावर. तू तिथे, मी इथे.

गोगा

&nbsp;

१५ एप्रिल

प्रिय गोगा,

वळली. अक्षरं वळली. लेक बघत होती, म्हणाली, "आई, तू रडतेस का हसतेस ते एकदा ठरव."

शनिवारी खिडकीशी खुर्ची घेतली. डावा अंगठा बटणावर. आधी पान दोन-दोनदा उलटायचं, घाईच ती. मग जमलं. यंत्रात एका वेळी एकच पान दिसतं, डावं-उजवं नाही. पहिल्यांदा चुकल्यासारखं वाटलं, मग म्हटलं, बरंच झालं, दुसरं पान तुझ्याकडे आहे. दिवा पिवळसर केलाय. दुपारी डोळा लागतो, यंत्रही आपोआप झोपतं, जाग आली की दोघं जिथे होतो तिथेच. परवा अर्धवट झोपेत मला धुक्याचा वास आला. तो त्या बेटावरचा की आपल्या अंगणातल्या ओल्या चादरींचा, ते कळेना, आणि कळून घ्यावंसंही वाटेना.

तुझी
घाई

&nbsp;

२३ एप्रिल

प्रिय घाई,

माझ्या यंत्रात बिघाड झालाय किंवा माझ्यात. खरं काय ते तुझ्या शहाण्या लेकीला विचारून कळव.

मी सावकाश वाचते, तुला ठाऊकच आहे. काल यंत्र उघडलं तर त्यावर एक चौकट आली. म्हणते, दुसऱ्या यंत्रावर तुम्ही याच्या बरंच पुढे वाचत पोहोचला आहात, तिकडे जायचं का? मी म्हटलं, मी तर दिवेवाल्याच्या लग्नातच आहे अजून, पुढे कोण गेलं? आज सकाळी पुन्हा तेच, आणखी पुढचा आकडा. मला वाटायला लागलं, मी झोपेत उठून वाचते की काय. खाली राहणाऱ्या शिंपीणबाईंना विचारलं, वर चालल्याचा आवाज येतो का? त्या म्हणाल्या, "तुम्ही झोपेत चालाल, पण चष्मा शोधल्याशिवाय वाचाल कशा?" त्यांचंही बरोबर आहे.

दुकानदाराकडे न्यायचं का हे?

तुझी
गोगा

&nbsp;

२९ एप्रिल

अगं वेडे,

ती मी आहे.

लेक इतकी हसली की खालचे लोक वर बघायला आले. दोन्ही यंत्रांत तू तुझंच नाव घातलंस ना? त्यामुळे यंत्रांना वाटतं आपण दोघी एकच बाई. एकीने जितकं वाचलं तितकं ते दुसरीला सांगतात. लेक म्हणाली, वेगवेगळी नावं घालून देते, म्हणजे मावशीला त्रास नको. मी तिचा हात धरला. म्हटलं, खबरदार हात लावशील तर.

गोगा, तुझ्या लक्षात आलं का ते काय विचारतंय? मी इथे बटण दाबते आणि ते तिकडे तुला विचारतं, उलटू? तू फक्त नाही दाब. नेहमीसारखं.

तुझी
घाई

&nbsp;

५ मे

प्रिय घाई,

आज त्याने विचारलं. मी मोठ्याने म्हटलं, थांब.

शिंपीणबाईंनी खालून विचारलं, "कोण आलंय?"

गोगा

&nbsp;

१९ मे

प्रिय घाई,

यंत्र रोज विचारायचं, ते बंद झालंय.

मी शेवटच्या प्रकरणाच्या आधीच्या पानावर आले. बाई जिन्यावर आहे, कंदील हातात, वल्ह्याचा आवाज. तिच्याबरोबर मीही पायऱ्या मोजत खाली आले. वाटेत सारखी वाट बघत होते, आता चौकट येईल, आता विचारेल. आज सकाळी उघडलं, दुपारी उघडलं. काही नाही. पान तसंच. चौकटीतला शेवटचा आकडा याच पानाचा होता आणि तो येऊन आठवडा झाला, म्हणजे तूही याच पानावर आहेस, आणि आठवडाभर आहेस. तू कधी कुठल्या पानावर आठवडाभर थांबली नाहीस. जेवताना सुद्धा नाही, म्हणून तर मदरनी तुझं नाव घाई ठेवलं.

फोन केला तर कुणीतरी उचलला आणि काहीतरी म्हणालं. मला नीट ऐकू आलं नाही, आणि या वेळी उरलेलं रचायची हिंमत झाली नाही. ठेवून दिला.

तू लिही. नाही जमलं तर नुसतं बटण दाब. एकच पान. मला कळेल.

गोगा

&nbsp;

२४ मे

प्रिय गोगा,

फोन मीच उचलला होता. "बरी आहे, तुझी वाट बघतेय," असं म्हटलं होतं. अगदी वॉर्डातल्या आवाजात. तरी ऐकू आलं नाही म्हणजे तुझ्या कानांचं आता काहीतरी करायलाच हवं.

मी त्या पानावर मुद्दाम थांबलेय. वाट बघायचं काम माझं होतं ना?

आणि दुसरं कारणही आहे, ते आता लपवत नाही. मानेतली रक्तवाहिनी आतून चोंदलीय, तिथूनच जानेवारीतलं आलं होतं. डॉक्टर म्हणतात साफ करून घेऊ, नाहीतर ते पुन्हा येईल. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन. बहुतेकांचं नीट होतं, काहींचं टेबलावरच तेच होतं जे टाळायचं असतं. मी सिस्टर होते, मला कुणी गोड शब्दांत सांगायची गरज नव्हती. लेक म्हणाली, मग आधी वाचून टाक, शेवट तरी कळेल. मी नाही म्हटलं. वॉर्डात मी पाहिलंय, ज्याच्या उशाशी अर्धं राहिलेलं पुस्तक असतं, तो डोळे उघडल्यावर पहिल्यांदा चष्मा मागतो. मला तसं उठायचंय. ते शेवटचं प्रकरण मी माझ्यासाठी राखून ठेवलंय.

म्हणून आता तू पुढे हो. आयुष्यात पहिल्यांदा. गुरुवारी सकाळी सुरू कर आणि तुझ्या चालीनेच वाच, माझ्यासाठी पळू नकोस.

लेकीकडे जायचं म्हणून हे घर आवरताना पुस्तकं वाटायला काढली आहेत. लेक कपाटांसमोर खुर्ची टाकून मला बसवते आणि एकेक पुस्तक वर धरून दाखवते. कुणाचं काय ते तुला कळवते, कारण तिचं वाचन घाईचं आहे, आईवर गेलीय. तू बघ, कुणी राहिलं तर सांग.

शुश्रूषेची जाड पुस्तकं माझ्या जुन्या वॉर्डाच्या कपाटात द्यायची. त्यांच्या समासात माझं अक्षर आहे, नव्या मुलींना ते लागलं नाही तरी चालेल. प्रवासाची सगळी जावयांना. ते कुठे जात नाहीत आणि त्यांना नकाशे फार आवडतात. रोज सकाळी येऊन माझ्या हाताची बोटं एकेक करून उघडणाऱ्या व्यायामाच्या बाईंना रहस्यकथा, सगळ्याच्या सगळ्या. व्यायाम घेताना मी त्यांना एकीचा शेवट सांगितला नाही म्हणून त्या तीन दिवस रुसल्या होत्या. शेजारच्या बाईंना, ज्या कपाचा आवाज ऐकून धावत आल्या, बागकामाची पुस्तकं आणि खिडकीतल्या कुंड्या. तुझ्या भावजींची बुद्धिबळाची पुस्तकं लेकीने ठेवायची. त्यात त्यांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा आहेत, तिला वडिलांचं अक्षर एवढंच उरलंय. मोठा शब्दकोश तुला. तुझा स्वेटर अजून माझ्याकडे आहे, गळ्यापाशी तुझं नाव शाबूत. तो कोशाभोवती गुंडाळून पाठवते, म्हणजे कोपरे मोडणार नाहीत.

उरलं यंत्र. ते मी बरोबर नेणार आहे, लेक सांभाळेल. तू पुढे गेलीस की ते इकडे मला विचारेल, तिकडे जायचं का. मी असले तर मी म्हणेन, थांब. ते यंत्र मीच ठेवीन आणि तू निमूट वाट बघायचीस.

नसले, तर लेकीला सांगून ठेवलंय. तू शेवटच्या पानावर पोहोचेपर्यंत तिने ते चालू ठेवायचं, मध्ये कितीदा विचारलं तरी नाही म्हणायचं, आणि शेवटच्या पानाचं विचारेल तेव्हा हो दाबायचं. मग यंत्र तुझ्याकडे पाठवायचं. तू ते तुझ्या यंत्राशेजारी खिडकीत ठेव, मधे फट न ठेवता. माझं डावीकडे.

तुझी
घाई